नेपोमुकसाठी वर नेलेली हाडं

ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी उद्यानातली त्या हंगामातली शेवटची भटकंती होती. त्यानंतर वरच्या वाटांवर बर्फ बसतं आणि मे उजाडेपर्यंत पाहुण्यांना तिकडे नेता येत नाही. बुर्गल ओब्लासर या रेंजर बाईने नऊ जणांना सोबत घेतलं होतं आणि ग्रीसेन खोऱ्याच्या टोकाला, जिथे झाडं संपतात आणि नुसता दगड उरतो, तिथे ती त्यांना साडेदहाच्या सुमारास घेऊन पोचली. लार्चची झाडं पिवळी पडून अर्धी झडली होती. आभाळ खाली आलं होतं.

"तुमचं ते गिधाड आज रजेवर आहे वाटतं," स्व्होबोडा म्हणाले. हे व्हिएन्नात तीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. सकाळपासून त्यांनी गुडघ्यांची तक्रार आणि गिधाडाची चौकशी आळीपाळीने चालवली होती.

"त्याला नऊची वेळ दिली होती. सही घ्यायची राहिली," बुर्गल म्हणाली. "आणि तुमचं नाही, तुझं म्हणायचं. दोन हजार मीटरच्या वर अहो-जाहो चालत नाही. ते खाली गाडीतळावर ठेवून यायचं."

"बरं बाई. तुझं गिधाड आज रजेवर आहे वाटतं."

लोक हसले. बुर्गलने दुर्बीण लावून समोरचा कडा पुन्हा एकदा पाहिला. कड्यावरचं घरटं ऑगस्टपासून रिकामं होतं, पण पिल्लू अजून खोरं सोडून गेलेलं नव्हतं. एकशे दहा वर्षांनी या खोऱ्यात जन्मलेलं ते पहिलं दाढीवालं गिधाड. पुलावरच्या संताच्या पुतळ्यावरून शाळेतल्या मुलांनी त्याचं नाव नेपोमुक ठेवलं होतं. गेला आठवडाभर तो हवेत दिसला नव्हता. त्याच्या पाठीवरचा ट्रान्समीटर मात्र रोज तीच ती जागा दाखवत होता, म्हणून तर आजची वाट तिने इकडून काढली होती.

"तो दगड हलला," मागून एक बाई म्हणाली.

दगड नव्हता. चाळीस पावलांवर, घसरड्या खडीत, नेपोमुक बसला होता. पंख दोन्ही बाजूंना लोंबत होते, भिजलेला ओव्हरकोट खुंटीला लावावा तसे. मान खाली गेलेली. दहा माणसं समोर उभी राहिली तरी तो हलला नाही. गिधाड माणसाला इतकं जवळ येऊ देतं तेव्हा आनंद मानायचा नसतो, हे बुर्गलला ठाऊक होतं.

तिने सगळ्यांना पाठ फिरवून खाली बसायला सांगितलं. मग अंगातलं जाकीट काढून, वाकून, ती बाजूने त्याच्याकडे गेली आणि एका झेपेत तिने त्याला झाकलं. त्याने धडपडही केली नाही. खडीवर हिरवट पातळ विष्ठा पडलेली होती. ती पाहून बुर्गलच्या मनात एकच शब्द आला. तो तिने कुणापुढे उच्चारला नाही.

खाली उतरायला अडीच तास लागले. तिची पाठपिशवी स्व्होबोडांनी उचलली. गुडघ्यांचं नाव त्यांनी वाटेत एकदाही काढलं नाही. गाडीपाशी त्यांनी त्या गाठोड्याखाली जरा हात लावून पाहिला. "एवढा मोठा पक्षी," ते म्हणाले, "आणि वजन आमच्या मांजराएवढं."

*

बुर्गलचा बाप कासियान ओब्लासर घराच्या दारातच उभा होता. शहात्तर वर्षांचा माणूस, डोक्यावर टोपी, पायात घरातल्या सपाता. खोऱ्यात बातमीला रस्ता लागत नाही.

"जिवंत आहे?" त्याने विचारलं.

"आहे. हेडविगकडे पोचवला." हेडविग म्हणजे शिकारी पक्ष्यांवर उपचार करणारी डॉक्टर. तिचं केंद्र डोंगरापलीकडे, दीड तासावर होतं.

"पडला का? पंख मोडला?"

"नाही मोडला, बाबा. कळेल उद्या-परवा."

"खा काहीतरी." त्याने श्लिप्फक्राप्फन केले होते. बटाट्याचं सारण भरून मुडपलेल्या त्या उकडीच्या करंज्या तो बायको गेल्यापासून दर गुरुवारी करायचा, आणि त्यांच्या कडा नेहमी उकलायच्या. त्या दिवशीही उकलल्या होत्या. स्वतः तो जेवला नाही. खिडकीतल्या मोठ्या दुर्बिणीवर त्याने कापड टाकलं आणि बाकावर बसून राहिला.

या घराचं नाव गायरहोफ, गिधाडाचं घर. नाव कौतुकाने पडलेलं नव्हतं. खोऱ्यातलं शेवटचं गिधाड कासियानच्या आजोबांनी मारलं होतं. कोठाराच्या दारावर पंख पसरून ठोकलेलं ते गिधाड आणि शेजारी मिशीवाले आजोबा, असा फोटो पाहुण्यांच्या खोलीत होता. तेव्हा त्याबद्दल आजोबांचा सत्कार झाला होता. दोन पिढ्यांनी त्याचीच लाज झाली. शाळेत पोरं बुर्गलला विचारत, "काय गं, आज कुणाला टिपलंस?" ती रेंजर झाली त्याला हे कारण होतं, असं गावात बोलत. ती नाही म्हणत नसे.

आणि नेपोमुकचे आईबाप, ते गिधाडांचं जोडपं, खोऱ्यात आल्यापासून, त्यांनी कड्यावर काटक्या रचायला सुरुवात केल्यापासून, कासियान रोज सकाळी त्या दुर्बिणीला डोळा लावून बसायचा. जणू आजोबांचा अपराध पुसून टाकायचं काम सरकारने त्याच्याकडेच सोपवलं होतं.

*

हेडविगचा फोन शनिवारी आला.

"शिसं," ती म्हणाली. "रक्तात इतकं आहे की यंत्राने आकडाच दिला नाही, नुसतं 'मोजपट्टीच्या वर' म्हणालं. एक्स-रेत पोटात तीन कण दिसतात. बंदुकीच्या गोळीचे. हाडाच्या तुकड्यात रुतलेले आहेत, म्हणून बाहेर पडत नाहीत."

"हाडात?"

"हाडात. शिकाऱ्याने टाकलेल्या आतड्यांतून आलेलं असतं तर एव्हाना निघून गेलं असतं. इंजेक्शनं चालू केलीत. आशा ठेवू नकोस, बुर्गल. मी ठेवलेली नाही."

नेपोमुक नवव्या दिवशी मेला. सर्व संतांच्या सणाला दोन दिवस होते. कासियान कबरीवर ठेवायची पणती पुसत होता. त्याने ती तशीच खाली ठेवली. "कोण?" एवढंच त्याने विचारलं.

कोण हे शोधणं बुर्गलचंच काम होतं. ट्रान्समीटर तासातासाला नोंद ठेवतो. तिने मागचा महिना कागदावर उतरवला. आजारी पडण्याआधी, चौदा ऑक्टोबरला, नेपोमुक एकाच खडकावर दोन तास बसला होता. गिधाड दोन तास एका जागी बसतं ते खाण्यासाठीच. तो खडक ज्या शिकारीच्या रानात येत होता ते रान कासियान ओब्लासरच्या नावावर होतं. तिथे दुसऱ्या कुणाला बंदूक उचलायची परवानगी नव्हती.

तरी ती वर गेली. चोरटा शिकारी असेल, शेजारच्या रानातून जखमी होऊन आलेलं जनावर असेल, अशा चार शक्यता तिने चढताना मोजल्या. खडकावर ताजं बर्फ होतं. तिने हाताने ते बाजूला केलं. खाली पायांची लांब हाडं होती, सांध्यापाशी नीट करवतलेली, आणि गाम्सच्या, म्हणजे कड्यावरच्या रानबकऱ्याच्या, खांद्याचं अर्धं फुटलेलं हाड. त्यावर करडे ठिपके होते. नखाने खरवडले तर चकाकत होते.

शेजारी, छोट्या दगडाखाली दाबून ठेवलेली, लार्चची सुकलेली डहाळी होती.

शिकारी मारलेल्या जनावराच्या तोंडात डहाळी ठेवतो. शेवटचा घास म्हणतात त्याला. टोपी काढायची, घास द्यायचा, मग सुरी लावायची. फेकून दिलेल्या हाडांना कुणी घास देत नाही. हे मान देऊन वाढलेलं पान होतं. असं वाढणारा माणूस खोऱ्यात एकच होता.

बुर्गलने हाडं पिशवीत भरली आणि डहाळीही घेतली.

दोन वर्षांपूर्वी शिसं सोडून तांब्याच्या गोळ्या वापरायचा करार खोऱ्यातल्या शिकाऱ्यांनी केला होता. सक्ती नव्हती, शब्द होता. पहिली सही कासियानची होती. करारासोबत एक पत्रक वाटलं होतं. ज्यांच्याकडे जुन्या गोळ्या उरल्यात त्यांनी निदान आतडी उघड्यावर सोडू नयेत, पुरावीत, वर दगड ठेवावेत. ते पत्रक बुर्गलनेच लिहिलं होतं. मूळ मजकूर दोन पानांचा होता. "शिकारी लोक दोन पानं वाचत नाहीत," रेंजरांचा प्रमुख रूपर्ट म्हणाला होता, "एका पानात बसव." तिने बसवलं. त्यात गोळीच्या जखमेभोवतालच्या हाडामांसाबद्दलची तीन वाक्यं गेली. कुणाला ती उणी वाटली नाहीत. तिलाही नाही.

सोमवारी रूपर्टने विचारलं, "जागा सापडली का गं?"

"नाही," बुर्गल म्हणाली. "बर्फ पडलंय."

अहवालात तिने 'मूळ अज्ञात' लिहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत तिने खोटं लिहिलेला हा पहिला कागद.

*

खोऱ्याला मात्र उत्तर आधीच सापडलं होतं. करारावर सही न करणारा एकच माणूस होता, व्हिटस मारियाखर. शेजारच्या रानाचा शिकारी, कासियानचा शाळासोबती. "माझ्या बापाने जन्मभर शिशानेच शिकार केली आणि तो शंभर वर्षं जगला, त्याला कुठे काय झालं," असं तो उघड म्हणत आला होता. आता ते त्याच्या अंगाशी आलं.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे नेहमीसारखे खानावळीत जमले. व्हिटस कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलापाशी गेला तेव्हा कासियान उठून उभा राहिला.

"या टेबलावर बसू नकोस."

"का रे? तुझ्या आजोबांनी विकत घेतलंय का?"

"त्यांनी नाही घेतलं. पण त्यांना निदान माहीत नव्हतं ते काय करताहेत. तुला माहीत होतं. सात महिन्यांचं पोर होतं ते."

"कासियान, मी या वर्षी तिकडच्या अंगाला एक गोळीसुद्धा झाडलेली नाही. माझा खुबा बदललाय एप्रिलमध्ये. तू भेटायला आला होतास, केक घेऊन. विसरलास?"

"केक वाया गेला."

कुणी हसलं नाही. व्हिटसने टोपी उचलली. दाराशी बुर्गल उभी होती, तिच्यापाशी तो थांबला. "तू शिकलेली आहेस, पोरी," तो हळूच म्हणाला. "ते यंत्र असतं ना त्याच्या पाठीवर. तुला कळलं असेल तर सांगून टाक. माझ्या नातीला शाळेत मुलं बोलतात." तो खुबा सावरत पायऱ्या उतरला.

बुर्गलने कॉफी मागवली आणि ती थंड होऊ दिली. आपण काही बोललो नाही, म्हणजे काही केलं नाही, असं तिने स्वतःला दोन-तीनदा समजावून पाहिलं. शाळेत मुलं काय बोलत असतील ते तिला कुणी सांगायला नको होतं.

असे तीन आठवडे गेले. गप्प राहणं अवघड असतं असं म्हणतात. तिला ते सोपं गेलं, हेच तिला खुपत होतं. बाप चुलीपाशी बसून व्हिटसला शिव्या घालायचा आणि ती कपड्यांच्या घड्या घालायची. कधीतरी हिवाळा येईल, माणसं दुसरं काही बोलू लागतील, बाप थकेल, आणि हे त्याला न कळताच संपेल, असा तिचा हिशेब होता.

*

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी तळघरातून आवाज आला म्हणून ती खाली गेली. कासियानने मोठा फ्रीझर उघडला होता. गुडघ्यांवर बसून तो एकेक पिशवी काढून पाठीवरच्या करंड्यात रचत होता. करवतलेली हाडं, खांदे, बरगड्यांचे तुकडे.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "जोडपं पुन्हा काटक्या नेतंय. काल पाहिलं. पोर गेलं तरी थांबली नाहीत, बघ. मादी जानेवारीत अंडं घालेल, तोवर तिला बळ यायला हवं. माझे गुडघे आता एवढं वर नेत नाहीत. तू घे निम्मं."

"बाबा, ते राहू द्या."

"का? वाट गोठून कडक झालीय. दुपारपर्यंत परत येऊ."

"बाबा, गोळी कुठली वापरता तुम्ही?"

त्याचे हात थांबले.

"तांब्याचीच होती," तो म्हणाला. "पहिलं वर्षभर. मग त्या हरिणीला लागली ती नीट लागली नाही. माझी बंदूक जुनी, तिला ती गोळी मानवत नाही. आरपार गेली आणि हरिणी पळाली. दोन दिवस रक्त हुडकत फिरलो मी. सापडली तेव्हा जिवंत होती. माझ्याकडे बघत होती." त्याने पिशवी करंड्यात ठेवली. "परत तसं नाही करणार म्हटलं. जुनी पेटी होती कपाटात."

"मला सांगितलं नाहीत."

"तू रेंजर. तुला कशाला अडचणीत घालू? आणि आतडी पुरली मी. दर वेळी. हातभर खोल, वर दगड. तुझ्या कागदात लिहिलंय अगदी तसं. गोळी लागलेलं मांस आपण खात नाही, विकत नाही. तो खांदा बाजूला काढायचो. गिधाडाला हाडंच लागतात, म्हणून..."

तो बोलता बोलता थांबला. हातात घेतलेल्या पुढच्या पिशवीकडे पाहत राहिला. आत खांद्याचं हाड होतं, मधोमध फुटलेलं, कडेला काळं पडलेलं.

बुर्गलने सगळं सांगितलं. खडक, तारीख, एक्स-रे, डहाळी. तिचा आवाज पाहुण्यांना माहिती सांगताना असतो तसाच सपाट निघाला. दुसरा आवाज तिला सापडेना.

"कागदात हाडांचं नव्हतं," कासियान शेवटी म्हणाला.

"आधी होतं. एका पानात बसेना म्हणून मी काढलं."

त्याने मान हलवली. चेहऱ्यावर राग दिसला नाही. मग विचारलं, "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"नोव्हेंबर लागल्यापासून."

"म्हणजे खानावळीत मी व्हिटसला बोललो तेव्हा..."

"हो."

"तू दारात उभी होतीस."

"हो, बाबा."

"आणि मला बोलू दिलंस." तो भिंतीला धरून उठला. तिने हात पुढे केला तो त्याने धरला नाही. "मी चुकलो ते न कळता चुकलो. तू मला जाणूनबुजून त्याच्या तोंडावर थुंकू दिलंस. हे कुठून शिकलीस?"

तुमच्या मायेपोटी केलं, असं म्हणता आलं असतं. तिला ते तोंडातून काढवलं नाही.

कासियान वर गेला, बूट घातले, टोपी घातली आणि बाहेर पडला. मारियाखरांचं घर पुलापलीकडे होतं. बुर्गल खिडकीतून त्याला पुलावरून जाताना पाहत होती. बर्फात तो फार हळू चालत होता आणि एकदाही थांबला नाही.

तो तासाभराने परत आला.

"काय म्हणाला व्हिटस?"

"ऐकून घेतलं. उभ्यानेच. आत ये म्हणाला नाही." त्याने टोपी टेबलावर ठेवली. तिच्यावरचं बर्फ वितळून पाणी लाकडावर पसरू लागलं, ते त्याने पुसलं नाही. "अहवाल कुठाय तुझा?"

"कार्यालयात दिलाय."

"दुसरा लिही. इथेच. माझ्यासमोर."

तिने लॅपटॉप आणला. 'मूळ अज्ञात' खोडलं आणि बापाचं नाव लिहिलं. घराचं नावही लिही म्हणाला, गायरहोफ, लोकांना ते चटकन कळतं. पत्रकातून गाळलेली तीन वाक्यं तिने खाली जशीच्या तशी घातली आणि ती कुणी गाळली तेही लिहिलं. याने तिची नोकरी जाईल की राहील, हे तिला सांगता आलं नसतं. बापाचा शिकारीचा परवाना जाणार हे नक्की होतं. त्याने तो आधीच पाकिटातून काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला होता.

"वाच," तो म्हणाला.

तिने वाचलं. 'चौदा ऑक्टोबरच्या सुमारास एकदा' या शब्दांपाशी त्याने हात वर केला.

"तेरा. मी तेराला नेलं. तो दुसऱ्या दिवशी आला."

तिने तेरा केलं.

"आणि एकदा नाही."

बुर्गलने मान वर केली.

"पाच वेळा," कासियान म्हणाला. "पाचही लिही."

"बाबा, मग त्या जोडप्यानेही खाल्लं असणार. दोघांनीही."

"मला कळतंय ते. लिही म्हटलं ना." खिडकीतली दुर्बीण कड्याच्या रोखाने उभी होती, पण तो तिकडे पाहत नव्हता. "पहिली एकोणीस जुलै. सकाळी तो घरट्यातून पहिल्यांदा उडाला. दोनदा गटांगळी खाल्ली, मग सावरला. मी दुपारीच घेऊन गेलो वर, अख्खा खांदा. म्हटलं, आज त्याच्या घरी गोडधोड व्हायला हवं."

तिने एकोणीस जुलै लिहिलं.

"पुढची सांगा," ती म्हणाली.